शेकोटीजवळची जागा

रविवारी दुपारी कमानिया गेटजवळ खव्याची जिलबी बांधून घ्यायची आणि गौरांगच्या दुकानाचा मागचा जिना चढायचा, हा लतिकाचा शिरस्ता होता. त्या रविवारीही ती तशीच निघाली. थंडीचे दिवस होते. ऊन पडलं होतं, पण अंगाला लागत नव्हतं. बाजार अर्धा मिटलेला, हातातला पुडा गरम, आणि डोक्यात एकच विचार, की आज गौरांग गोष्ट कुठून उचलणार.

दुकान चष्म्यांचं होतं, गौरांगच्या वडिलांच्या वेळेपासूनचं. रविवारी बंद असे. वरच्या खोलीत जुन्या फ्रेमांची खोकी रचलेली, भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, आणि मधोमध एक लांबट टेबल. खिडकी एकच, तीही अरुंद गल्लीकडे उघडणारी. त्यामुळे बाहेर उजेड असतानाच आत दिवा लावावा लागे. काच घासायच्या भुकटीचा आणि कोंडलेल्या लाकडाचा वास तिथे कायम असे.

त्या टेबलाभोवती ते चौघं मित्रमैत्रिणी एक खेळ खेळत. त्याला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. गौरांग गोष्ट सांगे, आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होत. "समोर नदी आहे, नाव बुडालेली आहे. काय करता?" असं तो विचारी, आणि ज्यानं त्यानं आपापल्या माणसाच्या तोंडून उत्तर द्यायचं. जिथं जमेल की नाही अशी शंका येई, तिथं फासा टाकायचा. जिंकणं नाही, हरणं नाही, नुसतं पुढं जात राहायचं. लतिका सावळी नावाची वैदू बाई होती. प्रणोती चोर होती आणि चोरासारखीच मधे मधे तोंड घालायची. अपूर्व बिरू नावाचा राखणदार होता. गेले कित्येक महिने ही मंडळी नर्मदेच्या काठाकाठानं एका न संपणाऱ्या जंगलातून चालली होती.

लतिका चांगली खेळते, असं सगळेच म्हणत. तिचे फासे काही फार चांगले पडत नसत. पण ती ऐकायची. टेबलावर कोण बराच वेळ गप्प आहे, हे तिला आपोआप कळायचं, आणि मग ती मान वळवून विचारायची, "आणि बिरू, तू काय करून राहिलास?" विचारल्यावर ती थांबायची. उत्तर येईपर्यंत थांबायची. अपूर्वला शब्द जुळवायला वेळ लागे, आणि त्या वेळात दुसरं कोणी घुसलं तर ती नुसता हात वर करायची. दुसरी तिची सवय म्हणजे, समोरच्यानं गोष्टीत काही पुढं केलं की ती ते कधी झिडकारायची नाही. कोणी म्हणालं झाडात दार आहे, तर तिच्यासाठी दार असायचं.

त्या दिवशी ती वर पोचली तेव्हा टेबलाशी एक नवा माणूस बसलेला होता. तिला पाहून तो उठला आणि आपली खुर्ची त्यानं पुढं केली.

"बसा न, दीदी. मी धनेश."

किडकिडीत, स्वच्छ धुतलेला सदरा, पाण्यानं चापून बसवलेले केस. आवाज इतका खालचा, की ऐकायला पुढं वाकावं लागे. तो बाजूनं गेला तेव्हा पाणी ओतून विझवलेल्या चुलीसारखा वास आला. प्रणोतीनं आणला असेल, असं लतिकाला वाटलं, आणि खेळ सुरू झाल्यावर ती ते विसरूनही गेली.

विसरण्यासारखंच होतं. कारण धनेश फार सुंदर खेळत होता. तो कोणाचं वाक्य तोडत नव्हता. प्रणोतीच्या फालतू विनोदातूनही तो गोष्टीला उपयोगी पडेल असं काहीतरी उचलत होता. गौरांग तर फुलून आला होता. गोष्टीत रात्र झाली, जंगलात शेकोटी पेटली, सगळे तिच्याभोवती बसले. तेव्हा धनेश म्हणाला, "मी वाटसरू आहे. लई दिवसांचा चालून राहिलो. तुमच्या शेकोटीचा उजेड दिसला म्हणून आलो. बसू काय?"

"जागा कुठाय?" प्रणोती म्हणाली. "आधीच गर्दी."

धनेशनं वाद घातला नाही. तो नुसता सगळ्यांकडे बघत राहिला. लतिकानं सवयीनं मान वळवली. "बिरू? तू काय करून राहिलास?"

अपूर्वनं घसा साफ केला. एरवी तो हिंदीत एखादं वाक्य बोलून मोकळा व्हायचा. आज मात्र तो उठून उभाच राहिला. "माझ्या जागी बस, भैया," तो म्हणाला. "मी बाहेर जातो. पहारा देतो. मला आदत आहे."

प्रणोतीनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. लतिकालाही भरून आलं. इतक्या महिन्यांत अपूर्व पहिल्यांदाच असा मनापासून खेळला होता.

"पक्कं?" गौरांगनं विचारलं. "उजेडाच्या बाहेर जाऊन राहिलास, बिरू. अंधार लई आहे."

"पक्कं."

फासा टाकायची गरज पडली नाही. त्यानंतर गोष्ट शेकोटीभोवतीच रंगली, आणि बिरूला परत आत बोलवायचं राहून गेलं. जिना उतरताना लतिकानं प्रणोतीला विचारलं, "धनेश तुला कुठं भेटला गं?"

"मला?" प्रणोती हसली. "गौरांगचा दोस्त आहे न तो? की तुझा? मला तर वाटलं तूच आणला."

पुढच्या रविवारी टेबलाशी चारच खुर्च्या होत्या. गौरांग, प्रणोती, धनेश, आणि एक लतिकासाठी.

"अपूर्व येऊन नाही राहिला?" तिनं जिलबीचा पुडा सोडत विचारलं.

"कोण अपूर्व?" गौरांग म्हणाला.

तिला वाटलं, थट्टा आहे. ती हसली. बाकी कोणी हसलं नाही.

"अपूर्व. बिरू. घमापुरचा. पद्मजाकाकूचा मुलगा."

"पद्मजाकाकूचा मुलगा हा काय बसला आहे," प्रणोतीनं धनेशच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला ताप आहे काय, लतिका? आपण चौघंच तर आहोत. पहिल्यापासून."

लतिकानं फोन काढला. खेळाच्या गटातले जुने निरोप वर वर सरकवत नेले. पावसाळ्यातला अपूर्वचा निरोप होता, "आज थोडा लेट हो जाऊंगा". शब्द तेच होते. पाठवणाऱ्याचं नाव मात्र धनेश होतं. त्याच्याही आधीचे सगळे तसेच. तिनं फोन पालथा ठेवला. आपलंच काहीतरी चुकतंय का? एखादं नाव आपण स्वप्नातून उचलून आणलंय का? तिला काही उमगेना. प्रणोती आणखी काही बोलणार होती, तेवढ्यात धनेशनं हात वर केला. "लतिकाला बोलू द्या," तो म्हणाला, आणि थांबला. उत्तर येईपर्यंत थांबला.

ते थांबणं तिचं होतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून लवकर निघून ती थेट घमापुरला गेली. पद्मजाकाकूच्या घराची वाट तिच्या पायाखालची होती. काकूचे यजमान कारखान्यात होते, ते गेल्यापासून काकू घरात एकटी पडली होती. मुलगा होता, पण तो कामावरून आला की कानात तारा घालून भिंतीकडे तोंड करून पडायचा. "एक शब्द बोलत नाही गं माझ्याशी," असं काकू लतिकाला कितीदा म्हणाली होती.

आज ओट्यावर उन्हात काकू मटार सोलत बसली होती, आणि शेजारी मांडी घालून धनेश. काकू कशाला तरी इतकी हसत होती की तिला ठसका लागला होता.

"ये गं, लतिका! हा काय सांगून राहिला ते ऐक. बाई बाई, आजकाल याचं तोंडच बंद होत नाही."

"काकू," लतिकानं कसंबसं विचारलं, "तुमच्या मुलाचं नाव..."

"काहून? धनेश. विसरली काय?" काकूनं शेंगा बाजूला ठेवून तिच्या कपाळाला हात लावला. "तब्येत बरी नाही वाटत तुझी."

त्या हाताला मटाराचा ओला वास होता. काकूचा चेहरा लतिकानं इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. म्हणून ती अधिकच गोंधळली. कोणाला काय सांगायचं? या बाईला म्हणायचं काय, की तुझ्याशी बोलतो तो तुझा मुलगा नाही, जो बोलत नव्हता तो तुझा?

धनेश तिला गल्लीच्या वळणापर्यंत सोडायला आला. संध्याकाळ व्हायला आली होती. कुठूनतरी फोडणीचा वास येत होता, पोरांचा गलका ऐकू येत होता, आणि त्या सगळ्यात हा माणूस अगदी सहज चालत होता.

"अपूर्व कुठं आहे?" तिनं हळू विचारलं.

"पहाऱ्यावर."

"कुठं... पहाऱ्यावर?"

"बाहेर. जिथं मी होतो." तो थांबला. "मी काही हिसकावलं नाही, दीदी. मी फक्त विचारलं, बसू काय. त्यानं जागा दिली. तुम्ही टाळ्या वाजवल्या."

"परत बोलाव त्याला."

"आतल्यानं हाक मारली तरच बाहेरच्याला येता येते. माझ्या हाकेनं नाही येणार, मी त्याच्याच जागी बसलो आहे." त्यानं हाताचे तळवे एकमेकांवर चोळले, फार गारठल्यासारखे. "आणि बाकी कोणाला तो आठवत नाही. तुम्हाला काहून आठवते, हे मलाही समजून नाही राहिलं."

त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. तोही खरोखरच बुचकळ्यात पडलेला दिसत होता.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. कामात मन लागेना. सारखी ती अपूर्वची एकेक गोष्ट घोकत होती, म्हणजे निसटू नये. त्याची दाढी, त्याचं चप्पल घासत चालणं, टेबलाखाली हलणारा गुडघा. आणि दर दिवशी काहीतरी निसटत होतं. शुक्रवारी तिला त्याचा आवाज आठवेना.

रविवारी ती जिलबी न घेताच वर गेली. आभाळ भरून आलं होतं, माघातलं अवेळी आभाळ. गौरांगनं गोष्ट उचलली तेवढ्यात वीज गेली. त्यानं मेणबत्ती लावली. खोक्यांमधल्या जुन्या चष्म्यांच्या काचांत त्या ज्योतीचे बारके बारके ठिपके उमटले.

"शेकोटीभोवती तुम्ही बसला आहात," गौरांग म्हणाला. "जंगल शांत आहे. काय करता?"

"सावळी उठते," लतिका म्हणाली. "अंधाराकडे तोंड करून उभी राहते." तिनं खरोखरच खुर्ची मागं सारली आणि ती खोलीच्या काळोख्या कोपऱ्याकडे वळली. "बिरू... तू काय करून राहिलास?"

"कोणाशी बोलून राहिलीस, यार?" प्रणोती कुजबुजली.

लतिकानं हात वर केला. आणि ती थांबली.

खाली गल्लीत एक सायकल घंटी वाजवत गेली. मेणबत्ती तडतडली. कोपऱ्यात काही नव्हतं. तक्त्यावरची मोठी अक्षरं तेवढी अंधुक दिसत होती.

"उत्तर येत नाही," गौरांग हळूच म्हणाला. गोष्ट सांगणाऱ्याच्या आवाजात म्हणाला, पण तो आवाज थरथरत होता.

"मी थांबते."

आणखी वेळ गेला. विझल्या चुलीचा वास दाट होत गेला. मग खोक्यांच्या मागून, भिंतीच्या पलीकडून यावा तसा, एक आवाज आला. घशात शब्द गोठलेल्या माणसाचा.

"...मला विचारून राहिलीस?"

प्रणोतीनं तोंडावर हात दाबला.

"तुलाच. आत ये."

"मला कसं समजन, की मलाच?" आवाज रडवेला झाला. "इथं लई जण आहेत. नाव घेऊन बोलव न... माझं नाव काय होतं?"

लतिकानं तोंड उघडलं, आणि तिला ते नाव आठवलं नाही.

आठवडाभर घोकलेलं नाव. जिभेच्या टोकावर होतं, आणि नव्हतं. तिनं गौरांगकडे पाहिलं, प्रणोतीकडे पाहिलं. दोघांचे चेहरे कोरे होते. बिरूही आता नुसता एक शब्द वाटत होता, कोणालाही लागू पडेल असा. धनेश तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले नाहीत.

"जागा नाही," शेवटी तो म्हणाला, अगदी मऊपणे. "कोणाची देता?"

"कोणाची नाही. सरकून बसू." लतिकानं आपली खुर्ची खरकन बाजूला ओढली. "सरका सगळे! गौरांग, प्रणोती, सरका न! शेकोटी मोठी करू." दोघं काही न समजता सरकली. खुर्च्यांचे पाय फरशीवर करकरले. ती अंधाराकडे वळली. तो आवाज आता हुंदके देत लांब लांब जात होता, आणि तिच्याकडे नाव नव्हतं. "या!" ती ओरडली. "जे कोणी बाहेर थंडीत असाल, ते आत या. जागा आहे!"

मेणबत्ती विझली.

अंधारात धनेशचा आवाज आला. "दीदी," तो म्हणाला, "तुम्ही खरंच चांगल्या खेळता." आणि मग अगदी हळू, जणू तिच्यासाठी वाईट वाटून, "...पण लई जण आहेत."

वीज आली तेव्हा धनेश कुठंच नव्हता, आणि चौथ्या खुर्चीत अपूर्व बसला होता. दाढी वाढलेली, ओठ निळे, विजारीला गुडघ्यापर्यंत गवताची कुसळं. अपूर्व! नाव झटकन तोंडात आलं, आणि लतिका टेबलावर डोकं टेकून रडली.

"वा!" गौरांग म्हणाला. "बिरू परत आला. क्या बात है. पण रडून काहून राहिलीस?" धनेश कोण, हे त्याला माहीत नव्हतं. प्रणोतीलाही नव्हतं.

अपूर्वनं तिला एकदाच काय ते सांगितलं, जिना उतरताना. "नुसती झाडं होती. दूर तुमचा उजेड दिसे. मी एकटा नव्हतो तिथं. सगळे उजेडाकडेच बघून राहिले होते." त्यानंतर तो त्याविषयी बोलला नाही. पण तो बदलला. कामावरून आला की आईजवळ बसू लागला, तिला विचारू लागला की दिवस कसा गेला. खेळ त्यांनी बंद ठेवला. लतिकाला हळूहळू झोप लागू लागली. तिनं स्वतःला समजावलं, की सगळं निभावलं.

मग एका सुट्टीच्या दुपारी ती सहज काकूकडे गेली. दार उघडं होतं. उंबऱ्याबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती, इतक्या चपला पडल्या होत्या. रबरी, चामडी, कोल्हापुरी, अंगठा तुटलेल्या, एक लहान मुलाची जोडी, एक लाकडी खडावांची. सगळ्या ओल्या, चिखलानं भरलेल्या. पाऊस तर कधीचा झाला नव्हता.

आत काकू एकटीच होती, परातीत कणीक मळत. परात मोठी होती, लग्नकार्यातली.

"काकू, पाहुणे आलेत काय?"

"अगं, हळू बोल." काकूनं पिठाचा हात ओठांवर नेला. ती दमलेली दिसत होती, पण आनंदात होती. "कालपासून येऊन राहिले. तुमच्या खेळातली मंडळी न ती? लई गुणी. एक बोलला की दुसरा मधे बोलत नाही. 'लतिकाताईनं बोलावलं, जागा आहे म्हणाली,' म्हणून सांगितलं. उभेच होते बिचारे, दारात. बसू काय, बसू काय, म्हणून विचारत."

"मग... तुम्ही काय म्हटलं, काकू?"

"काय म्हणणार? घरी आलेल्या माणसाला नाही थोडंच म्हणते? बसा म्हटलं. आपलंच घर समजा म्हटलं." काकूनं मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. पलीकडे पुष्कळ माणसं श्वास रोखून बसल्यासारखी शांतता होती.

"आणि अपूर्व?" लतिकानं विचारलं. "अपूर्व कुठं आहे?"

काकूचे हात परातीत थांबले. ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होती. मग ती मोकळेपणी हसली.

"त्यांच्यातला कोणता गं?"